हनुवटी खाली, अर्धा घास

तुमच्या घरातल्या चमच्यांच्या ओळीत मला ठेवलं, तर मित्रांनो, तुम्ही सगळ्यात आधी मलाच बाहेर काढाल. माझी मान एका बाजूला वळलेली आहे आणि माझा खोलगटपणा जवळजवळ गेलेला आहे. मी जुना आहे, पण म्हातारपणामुळे असा झालेलो नाही. मला मुद्दाम वाकवलेलं आहे.

बोईसरच्या एका भांड्यांच्या दुकानातून मी घरी आलो तेव्हा सरळ आणि चकचकीत होतो. त्या घरात चारुता नावाची मुलगी होती. तिचे हातपाय तिचं ऐकत नसत. तिला बोलता येत नसे आणि घास गिळायला इतरांपेक्षा खूप जास्त वेळ लागे. खोल चमच्यातलं अन्न तिच्या ओठांना ओढून घेता येत नसे. तिचे बाबा विक्रम कारखान्यात फिटर होते. एका रविवारी त्यांनी मला शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट धरलं, ठोकून उथळ केलं, मान वळवली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. दुखलं, पण त्या संध्याकाळी चारुतानं माझ्यावरचं खिमट एका दमात ओठांनी पुसून घेतलं. तिची आई वैभवी रडायलाच लागली. त्या दिवसापासून मी फक्त चारुताचा झालो.

चारुता बारा वर्षांची झाली. तिला उचलताना आईच्या पाठीत चमक भरू लागली. बाबांच्या पाळ्या बदलत्या. घरात धाकटं बाळही आलं होतं. चारुताला दुसरीकडे ठेवायचा विषय खूप दिवस कुणी काढला नाही. मग एका सकाळी चारुताची बॅग भरली गेली आणि तिच्याबरोबर मीही सफाळ्याजवळच्या एका निवासी गृहात राहायला आलो. तिथे तिच्यासारखी तीस-पस्तीस माणसं होती, काही लहान, काही मोठी.

आईनं एक कागद लिहून आणला होता. तो तिनं चारुताच्या पलंगामागच्या भिंतीवर चिकटवला. सरळ बसवावं. हनुवटी खाली असावी. अर्धाच घास द्यावा. गळा हलताना दिसला, की मगच दुसरा. ‘मगच’ या शब्दाखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

तिथल्या मदतनीस रत्नाबाई समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. कागदाकडे बघून त्या म्हणाल्या, “मना वाचता नाय येत, ताई. तुमी एकदा भरवून दाखवा, मी बघते.”

आईनं भरवलं. रत्नाबाई चारुताच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हातात घेतलं, तेव्हा आईच्या आणि त्यांच्या हातात मला काहीच फरक कळला नाही.

चारुताच्या एका जेवणाला पाऊण तास लागे. रत्नाबाई तिच्याशी बोलत असत. “तोंड वाकडं कशाला करतेस गो बाय? सुरमई नाय, खिमटच हाय आज!” चारुता हसे, आणि हसताना घास बाहेर येई. मग पुन्हा पहिल्यापासून.

स्वयंपाकघरातले भगवंत त्यांना चिडवत. “रत्नाबाई, तुमचं भरवणं आहे की सत्यनारायणाची पूजा? संपतच नाही!”

“पूजेत भटजी घाई करतो. मी नाय करत.”

दोन वर्षं अशी गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला काळ म्हणाल, तर तोच.

त्या गृहाची एक पद्धत होती. आसपासची मंडळी आपल्या मुलांचे वाढदिवस तिथे साजरे करत. केक येई, फुगे येत, जेवण येई. वाईट मनानं कुणीच येत नसे. त्या दिवशी पाहुणे स्वतःच्या हातानं मुलांना भरवत आणि त्याचे फोटो निघत.

स्वरा नावाच्या एका मुलीचा सातवा वाढदिवस असाच ठरला. सकाळीच चारुताच्या पलंगामागे फुग्यांची माळ लागली आणि आईचा कागद तिच्याआड गेला. व्यवस्थापक नरहरी सर घाईत होते.

“रत्नाबाई, तुम्ही बाहेर पुलाव वाढायला जा. आणि तो वाकडा चमचा आत ठेवा, फोटोत बरा दिसत नाही.”

“सर, हिला मीच भरवते. हिचं येगळं हाय.”

“आजच्या दिवस पाहुण्यांना भरवू दे हो. त्यांना बरं वाटतं.”

मला फळीवरच्या पेल्यात उभं केलं. तिथून मला सगळं दिसत होतं.

स्वराच्या हातात केकचा तुकडा होता. तिचे काका मोबाइल धरून समोर उभे होते. “मान वर करा हो तिची, चेहरा दिसू दे.” कुणीतरी मागून चारुताची हनुवटी वर उचलली. तिनं तोंड उघडलं. तिला वाटलं असेल, जेवण म्हणजे जेवण.

“अजून एक घास भरव, बेटा. मोठा दे. आता इकडे बघा!”

मी पेल्यात नुसता उभा होतो. चारुता खोकलीही नाही. तिचे डोळे मोठे झाले आणि ओठ निळे पडू लागले.

“वा, हसतेय बघा कशी!” काका म्हणाले.

“काका,” स्वरा हळूच म्हणाली, “ती हसत नाहीये.”

मग एकदम आरडाओरडा झाला. दारातून ताटं पडल्याचा आवाज आला. रत्नाबाईंनी धावत येऊन चारुताला पुढे वाकवलं आणि तिच्या पाठीवर थापा मारल्या. केक बाहेर आला. पण सगळा नाही. थोडा छातीत गेला होता.

सतरा दिवस ती दवाखान्यात होती. फुप्फुसात संसर्ग झाला होता. ती वाचली. परत आली तेव्हा तिच्या नाकात नळी होती, आणि तिचं जेवण आता त्या नळीतून जाऊ लागलं.

आई आली. फुगे निघाले होते, पण त्यांच्या चिकटपट्टीबरोबर कागदाचा कोपरा फाटून गेला होता. ती ओरडली नाही.

“मी लिहिलं होतं ना, सर?”

नरहरी सर खाली बघत म्हणाले, “ताई, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?”

“मला म्हणता ना? भेटायची वेळ संपली, की लगेच म्हणता.”

आता तिथे पाहुण्यांना भरवू देत नाहीत. काही मंडळी त्यामुळे रागावली आणि यायची थांबली. स्वरा मात्र तिच्या आईबरोबर एकदा आली होती. ती दारातच उभी राहिली. तिला जवळ बोलवायला हवं होतं, पण कुणाला सुचलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही तुमच्या वाढदिवसाला अशा घरी जाल. जरूर जा. पण भरवण्याआधी विचारा, हिला रोज कोण भरवतं? त्या बाईंच्या शेजारी गुपचूप बसा आणि एका घासाला किती वेळ लागतो ते बघा. केक उरला, तर उरू द्या. आणि तुम्हाला काही वेगळं दिसलं, तर स्वरासारखं हळू नका बोलू. मोठ्यानं बोला.

डॉक्टर म्हणतात, तिला पुन्हा तोंडानं जेवता येईल. फक्त तिनं तोंड उघडायला हवं. म्हणून रत्नाबाई रोज मला कोमट पाण्यात बुडवून तिच्या ओठांपाशी आणतात. पूर्वी मी दिसलो, की चारुताचे ओठ आपोआप पुढे येत. आता मी दिसलो, की ती डोळे घट्ट मिटून घेते. रत्नाबाई तिच्या गालावरून हात फिरवतात आणि मला पुसून ठेवतात.

आजही तसंच झालं.