पाठ नसलेला दाखला

मित्रांनो, मी एक जुना दाखला आहे. दाखला म्हणजे शेवटी कागदच. पण ज्या बाईचं नाव माझ्यावर आहे तिच्याजवळ दुसरा कसलाच कागद नाही, म्हणून माझं वजन जरा जास्त. सध्या मी सिरसाळ्यात बाजारामागच्या एका पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. मला इथून हलता येत नाही. कडूबाईलाही येत नाही. असं का झालं ते सांगतो, पण गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म १९८६ सालचा, एका लष्करी छावणीतला. कडूबाईचा नवरा आदिनाथ तिथे जवान होता. छावणीत जवानांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं आणि चौथी शिकलेली कडूबाई तिथे दोन वर्षं काम शिकली. दर तासाला पोरं मोजायची. पाणी उकळून गार करायचं. पोर ज्याच्या हातून घेतलं त्याच्याच हाती परत द्यायचं, सख्खा मामा आला तरी नाही. तिची परीक्षा कागदावर झाली नाही. लष्करातली एक डॉक्टरीणबाई घड्याळ घेऊन दिवसभर कोपऱ्यात बसली आणि नुसती बघत राहिली. संध्याकाळी तिने मला टाइप करून घेतलं आणि खाली सही ठोकली. माझ्यावर लिहिलं होतं, सहा वर्षांखालची वीस मुलं सांभाळायला ही बाई लायक आहे. एवढं एकच वाक्य. पण ते बघून लिहिलेलं होतं, ऐकून नाही.

१९९१ साली आदिनाथचा गुडघा गेला आणि दोघं गावी परतली. सिरसाळ्याच्या आडतीवर बाया धान्य चाळायला येतात. त्यांची रांगती लेकरं तेव्हा पोत्याला सुतळीने बांधलेली असायची, बैलगाड्यांच्या वाटेतच. चतुराबाई नावाच्या बाईच्या थोरल्या पोराच्या पायावर बैलाचा खूर पडला होता. त्याचं पाऊल अजून वाकडं आहे. तरी धाकटी सायली तशीच बांधलेली. कडूबाईने ते पाहिलं आणि म्हणाली, "ही काय लेकरू बांधायची जागा हाय?"

चतुराबाई चाळणी न थांबवता म्हणाली, "मग कुठं बांधू? आभाळाला?"

पुढच्या सोमवारी कडूबाईने ही पत्र्याची खोली घेतली, शेणाने सारवली आणि मला भिंतीवर लावलं. आधी सात लेकरं आली, मग अठरा झाली. ते माझे चांगले दिवस. कुणी नवी बाई बिचकत दारात आली की चतुराबाई तिला माझ्यासमोर उभी करायची आणि सांगायची, मिलिट्रीची बाई हाय ही, वाच. दोघींनाही वाचता येत नव्हतं. पण निळा शिक्का दोघींना दिसायचा.

आता माझ्यावर जे संकट आलं ते मायेपोटी आलं. आदिनाथची स्वतःची फौजेतली कागदपत्रं वाळवीने खाल्ली होती. त्याने माझ्याबद्दल धसका घेतला. परळीत तेव्हा लॅमिनेशनचं नवं दुकान निघालं होतं. लोक रेशनकार्डापासून मेलेल्या बापाच्या फोटोपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये घालून आणत होते. आदिनाथही मला घेऊन गेला. तापलेल्या रुळांमधून मी एका बाजूने आत गेलो आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर आलो. घरी आल्यावर तो मला बोटाने वाजवून म्हणाला, "आता वाळवीच्या बापालाबी खाता येणार न्हाई." खरंच होतं ते. वाळवीला खाता येत नव्हतं, आणि मला श्वास घेता येत नव्हता.

त्या वर्षांत रेडिओ रोज सांगायचा की देश मोकळा झाला, कारखाना काढायला आता परवाना लागत नाही. ऐकायला बरं वाटायचं. मग १९९४ च्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीतला एक माणूस या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, पाळणाघराला परवाना लागतो. परवान्याला पक्की इमारत लागते आणि बाई दहावी पास लागते. पंधरा दिवसांत परवाना दाखवा, नाहीतर खोली सील. बाहेरगावचं साबण आणि सरबत बिनपरवाना आत येत होतं, मित्रांनो, आणि आमच्या सायलीला पाय पसरून झोपायला परवाना हवा होता.

पण एक वाट होती. ज्या बाईकडे लष्कराचा दाखला आहे तिला परवान्यातून सूट, असं कचेरीच्या कागदात लिहिलेलं होतं. फक्त मूळ दाखल्याच्या पाठीवर शेरा आणि शिक्का घ्यायचा. कडूबाई मला पदराखाली धरून कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाचं नाव अमरनाथ. त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. चांगलं वाचलं. मग मला उलटं करून पेन टेकवलं आणि पेन घसरलं. शिक्का मारला, तर अंगठ्याने पुसून गेला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा पुसला. टेबलाभोवतीचे लोक हसायला लागले.

"प्लास्टिकवर शाई बसत न्हाई, बाई," अमरनाथ म्हणाला. "दुसरा दाखला आना."

वेगळ्या कागदावर शेरा लिहून द्या, असं कडूबाईने सुचवलं. नियमात पाठ म्हटलंय, असं तो म्हणाला. पाठीवर कागद चिकटवू का, असं तिने विचारलं. ती खाडाखोड होते, असं त्याने सांगितलं. आदिनाथने छावणीला पत्र टाकलं. उत्तर आलं की ते पाळणाघर केव्हाच बंद झालं, दाखल्याची दुसरी प्रत मिळणार नाही.

चौदाव्या दिवशी कडूबाईने दाढीचं पातं घेतलं. आदिनाथ नको म्हणत होता. तुझ्याजवळ हा एकच हाय, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती म्हणाली, "लेकरं अठरा हायेत." तिने माझी कड कापली आणि मागचं प्लास्टिक ओढलं. ते सुटेना. जोर लावला तेव्हा मी फाटलो नाही, मी सोलला गेलो. माझे दोन पापुद्रे झाले. माझी सगळी अक्षरं, सही आणि निळा शिक्का पुढच्या प्लास्टिकला चिकटून राहिले. उरलेला पापुद्रा मागच्या प्लास्टिकला धरून होता. तो तिने नखाने खरवडून मोकळा केला, आणि तिच्या हातात माझी नुसती पाठ आली. पांढरी, खरबरीत.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही तुकडे अमरनाथच्या टेबलावर ठेवले. त्याने दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "अक्षरं हायेत त्याला पाठ न्हाई, आन पाठ हाय त्याला अक्षरं न्हाईत. यातला मूळ दाखला कोन्ता म्हनायचा?"

"तुमीच वाचलाता की सायेब, याच टेबलावर. लई मोठ्यानं."

"वाचला. पन वाचल्याचा शिक्का नसतो बाई."

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. मला त्याचाच जास्त राग आहे. खोटारड्याला पकडता येतं. नियमाच्या मागे बसलेल्या माणसाला कुठून धरणार?

सोळाव्या दिवशी दोन माणसं सील करायची लाख, सुतळी आणि कुलूप घेऊन आली. खोलीत अठरा लेकरं होती. कडूबाई मधोमध बसलेली. त्यांनी तिला बाहेर यायला सांगितलं. ती म्हणाली, "लावा की सील. आमच्यासकट लावा."

माणसांनी लाख आणि कुलूप उंबऱ्यावर ठेवलं. आत माणूस असताना दाराला सील लावता येत नाही, हाही नियमच होता. ती दोघं संध्याकाळपर्यंत दारात बसली आणि गेली. जाताना सांगून गेली की जागा रिकामी सापडली की लावू. तेव्हापासून ही जागा कधी रिकामी सोडलेली नाही. आज चौथा महिना. आदिनाथ दारातून भाकरी देतो. कडूबाईचा बाप तलवाड्याला आजारी होता, ती गेली नाही. तो वारला, तरी गेली नाही. चतुराबाईने रागावून विचारलं, "तुज्या बापाला माती द्यायची का न्हाई? मी बसते हितं." कडूबाई म्हणाली, "तू बसलीस का ह्ये बसले, लेकरं बिनदाखल्याच्या मानसाकडं हायेत म्हनतील. मंग लेकरंच उचलून नेतील." अमावस्येला आडत बंद असते, त्या दिवशी एकही लेकरू येत नाही. तेव्हा चतुराबाई सायलीला मुद्दाम आणून सोडते, म्हणजे कडूबाईला सोबत.

माझे दोन्ही तुकडे कडूबाईने एकाच खिळ्याला टांगले आहेत.

मित्रांनो, कागद जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपल्यामुळेच माझं हे झालं. तुमच्यातला कुणीतरी उद्या टेबलामागे बसेल, त्याच्या हातात शिक्का येईल. त्याला माझी एवढीच विनवणी आहे, की कागद उलटा करायच्या आधी वाचलेलं विसरू नका. प्लास्टिकवर माझी अक्षरं अजून स्पष्ट आहेत. उजेडासमोर धरलं की नाव, सही, सगळं दिसतं. कुणीतरी या आणि वाचा. कडूबाईला एकदा तलवाड्याला जाऊन यायचं आहे.