हार घातलेली जाळी

मित्रांनो, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी समजून मला हसू नका. मी पॉवर प्रेसची जाळी आहे. जुनी झाले, रंग ठिकठिकाणी उडाला, पण आज जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कोल्हापुरात, उद्यमनगरात आकाराम मिस्त्रींनी मला घडवलं. प्रेस तुम्ही पाहिला नसेल. माणूस ठोकळ्याखाली पत्रा सरकवतो, पायानं पेडल दाबतो, ठोकळा धाडकन खाली येतो आणि बिजागरीचं पान कापून निघतं. मी मिटल्याशिवाय तो ठोकळा जागचा हलायचा नाही, असा स्विच माझ्या चौकटीला बसवला होता. मग बोटं चिरडणार कशी? मला त्याची भारी ऐट होती.

सयाजीरावांच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं राबले. यंत्र चालू असताना त्याचा धोक्याचा भाग झाकलेला हवा आणि ते बघणं मालकाचं कर्तव्य आहे, असा कायदाच आहे. सयाजीराव तो पाळतही होते. माणूस दिलदार, पण अंमळ जास्तच भाविक. तिथंच घोटाळा झाला.

गेल्या खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन पुसून लखलखीत केली. मलाही काढून घासलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. सयाजीरावांनी मला हात जोडले. "ही आमची राखणदार हाय," ते म्हणाले. "पूजलेली वस्तू आता पुन्हा तेलात कशाला घालायची?" झालं! मला देवांच्या तसबिरींशेजारी खिळ्यावर टांगलं, मी नसतानाही प्रेस चालावा म्हणून स्विचच्या तारा परस्पर जोडल्या आणि प्रेस उघडाच चालू केला. माझ्यासमोर उदबत्ती आणि ललिताची बोटं उघड्यावर! असला मान मला कुठं हवा होता?

ललिता त्या प्रेसवर काम करते. रोज हातकणंगल्याहून येते. हाताला चपळ आणि तोंडाला फटकळ. "मालक, जाळी बसवा की," असं ती कितीदा म्हणाली असेल. सयाजीरावांचं उत्तर ठरलेलं. "चांगला दिवस बघून काढू."

आज सकाळी पेडल दाबलेलं नसताना प्रेसनं आपोआप दुसरा ठोका मारला. ललिताच्या हातमोज्याचं टोक गेलं. बोट थोडक्यात वाचलं. ती ताडकन उठली.

"जाळी बसल्याबिगर मी हितं बसत न्हाय."

"अगं, जपून काम कर की," सयाजीराव म्हणाले.

"जपायचं माझ्याकडं हायच. पण जाळी बसवायचं तुमच्याकडं हाय. कायदा तुमास्नी सांगतोय त्ये, मला न्हाय."

चार माणसांत हे ऐकून मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सरक. काय होतंय ते मीच दावतो," म्हणत ते प्रेससमोर बसले. पेडल दाबलं. पान कापलं. ते काढायला त्यांनी हात पुढं केला. खिळ्यावरून मला सगळं दिसत होतं, मित्रांनो, आणि करता काहीच येत नव्हतं! ललितानं त्यांचा शर्ट धरून हिसका दिला. दोघंही मागं पडली आणि धाड! ठोकळा पुन्हा आपोआप खाली आला होता.

सयाजीराव खाली बसूनच बोटं उघडझाप करून बघत राहिले. "तुझी गेली असती, तर तुझ्या घरी जाऊन काय सांगणार होतो गं मी?" ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतः मेन स्विच बंद केला. मिस्त्रींना बोलावून प्रेस दुरुस्त करून घेतला, परस्पर जोडलेल्या तारा काढायला लावल्या आणि मला स्वतःच्या हातानं जागेवर बसवलं. दुपारी ललिता पुन्हा कामाला बसली. पहिल्याच ठोक्याला माझ्या अंगावर तेल उडालं. काय सांगू, इतका आनंद मला त्या पूजेच्या दिवशीही झाला नव्हता!

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला मात्र अजिबात जपू नका. तेल उडू दे, ओरखडे पडू देत, रंग जाऊ दे. उद्या तुमच्यापैकी कुणी मालक झालं, तर आधी मला बसवा आणि मगच माणसाला कामावर बसायला सांगा.