दाराशी ठेवलेली बॅग

दाराशी चपला काढताना जरा जपून, मित्रांनो. तिथे कोपऱ्यात मी असते. मी एका वैमानिकाची जुनी चामडी बॅग. माझी मूठ कायम दाराकडे वळवलेली. फोन आला की उचलायची आणि निघायचं, ही या घरची रीत.

मला शिवणाऱ्या कारागिराने कोपऱ्यांना दुहेरी शिलाई घातली. "हिच्यात विमान चालवायची जाडजूड पुस्तकं कोंबणार. उसवली तर माझं नाव जाईल," तो म्हणाला. नाव काही गेलं नाही. माझे पहिले धनी, मोठे कॅप्टन, मला घेऊन वर्षानुवर्षं उडाले. विमानतळावर लोक वळून त्यांच्याकडे बघायचे आणि मीसुद्धा उगाच भाव खायचे.

तेव्हा येत्या महिन्याचं वेळापत्रक आधीच स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागायचं. ते बघून घरातल्या लग्नांच्या तारखा ठरायच्या. एकदा त्यांची तान्ही लेक तापाने फणफणली. सकाळी त्यांनी कंपनीला कळवलं, "आज जमणार नाही. झोप झालेली नाही."

"निवांत झोपा, कॅप्टन. दुसऱ्याला पाठवतो."

पुढे ती लेकच वैमानिक झाली. तेव्हा ते म्हणाले, "विमानं बदलतील, बाळा. पण डोळे मिटत असतील तर उडायचं नाही. तसं सांगण्यात कमीपणा नाही." मग मोच्याकडून मला चाकं लावून आणली. "म्हातारपणी पाय फुटले हिला!" म्हणून सगळे हसले.

धाकट्या कॅप्टनबरोबर मी हलकी झाले. पुस्तकं गेली, पातळसा टॅबलेट आला. शिवाय एक इवलासा मोजा. तिची चिमुरडी तो गुपचूप माझ्यात टाकायची. "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मग तुला परत यावंच लागतं."

पण हलकी झाले म्हणजे सुखी झाले असं नाही. नोकरी आता वर्षाच्या कराराची होती. उडाल तेवढेच पैसे. वेळापत्रक फोनवर यायचं आणि ताट वाढेपर्यंत बदलायचं. धाकट्या कॅप्टन गणवेश चढवून माझ्याशेजारी बसून राहायच्या. फोन वाजला नाही तर तो दिवस फुकट.

एकदा चिमुरडीला ताप भरला. सकाळी फोन वाजला तेव्हा तिच्या आईचे डोळे लाल होते. आईने माझी मूठ धरली, मग सोडली.

"आज जमणार नाही. झोप झालेली नाही."

"बरं मॅडम. नोंद करते," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

त्यानंतर फोन वाजायचा थांबला. गणवेशाला रोज इस्त्री होत होती, माझ्यावरची धूळ रोज पुसली जात होती. शेवटी कळवलं गेलं, की करार पुढे वाढवला जाणार नाही. कारण दिलं नव्हतं.

मोठे कॅप्टन तणतणले. "असं कसं? थकल्यावर नाही म्हणायचं, हे नियमात आहे!"

"नियमात आहे, बाबा. करारात नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू माझ्यातून काही पडून हरवलं होतं.

मित्रांनो, माझी शिलाई अजून शाबूत आहे. उसवलं ते दुसरंच. विमानाला उशीर झाला की तुमच्या घरची मोठी माणसं चिडतात, वैमानिकाच्या नावाने खडे फोडतात. तेव्हा त्यांचा हात धरून विचारा, "आपल्याला नेणाऱ्या माणसाची झोप झाली असेल का?" बॅग तर कुणीही पुसून जपतं. बॅग उचलणाऱ्यांनाही जपा.

आता चिमुरडी मला विमान करून खेळते. काल तिने बाहुलीला पुढे बसवलं आणि लगेच उतरवलं. "आई, ही दमलीये. दुसरी पाठव."

आई हसली नाही. तिने दुसरी बाहुली आणून दिली. दमलेल्या बाहुलीला मांडीवर घेऊन ती बराच वेळ थोपटत राहिली.

माझी मूठ अजून दाराकडेच आहे. ती वळवायला कुणाचा हात होत नाही. मोजे मात्र आता दोन्ही घरीच असतात.