राहिलेले शेवट

पडद्यावर नायक पुलावरून जिवाच्या आकांतानं धावत होता आणि मंदाकिनी मनगटावरच्या घड्याळात पाहत होती. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर दिवाकर खानझोडे अजून बसलेलेच होते. पाच-वीसला उठायचं, पडद्यावर सावली पडू नये म्हणून वाकून दारापर्यंत जायचं आणि दार हलकेच लोटून घ्यायचं, हे त्यांनी चार वर्षांत एकाही रविवारी चुकवलं नव्हतं. आज ते हललेसुद्धा नाहीत. नायक खालच्या मालगाडीवर पडला, खलनायक एकदाचा मेला, सभागृहातले दिवे लागले, तरी ते तिथंच होते.

मग तिच्या लक्षात आलं की आता त्यांना घाईनं घरी जायचं कारणच उरलेलं नाही. त्यांच्या पत्नीला, वीणाताईंना जाऊन दीड महिना झाला होता आणि त्यानंतर ते आजच सिनेमाला आले होते.

सिनेमानंतर चहा आणि चहाबरोबर प्रत्येकानं आपलं मत सांगायचं, अशी दर रविवारी सिनेमा दाखवणाऱ्या रायपूरच्या मराठी मंडळाची रीत होती. मतं काय येणार हे चहाच्या चवीइतकंच ठरलेलं असे. अध्यक्ष नरहरीपंत कोणत्याही सिनेमाबद्दल "जुन्याची सर नाही" म्हणत. सिनेमा साठ वर्षांपूर्वीचा असला तरी म्हणत. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नव्या रायपूरच्या एका ऑफिसात बदलून आलेल्या स्नेहलला प्रत्येक सिनेमा "ठीक, पण लांबलेला" वाटे. दिवाकर चहाला पहिल्यांदाच थांबलेले, म्हणून सगळ्यांनी त्यांना पुढे केलं. ते चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते आणि सिनेमा गार्डाच्या डब्यातूनच पाहत.

"बाकी ठीक आहे," ते म्हणाले. "पण मालगाडीवर धडधाकट माणूस पडला अन् गार्डाले पत्ताच नाही? मी असतो तर गाडी उभी केली असती, मेमो लिहिला असता. सिनेमा दोन घंटे वाढला असता."

सगळे हसले. स्नेहलही हसली. हसू ओसरल्यावर ते कप घेऊन मंदाकिनीकडे आले आणि म्हणाले, की आज शेवट पाहिला, तेव्हा उद्या सकाळी मंदाताईंना त्रास नाही. ती म्हणाली, बरं झालं. तिला मुळीच बरं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मुलानं, नीलेशनं टीव्हीत कसलंसं ॲप घालून दिलंय, त्यात सगळे सिनेमे आहेत. चार वर्षांत आपले जेवढे शेवट राहिले तेवढे आता एकेक करून पाहून घेणार. आणि ते पाहायला महिनाभरच आहे, कारण पुढच्या महिन्यात नीलेश त्यांना कायमचा हैदराबादला नेतोय. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. मंदाकिनीनं हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

सोमवारचा फोन हा तिचा सगळा आठवडा होता. पाटबंधारे खात्यातून स्टेनो म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली बाई तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत राहते म्हटल्यावर लोक तिची कीव करतात, पण कोणी आपली कीव करावी इतका रिकामा वेळ मंदाकिनीला कधी मिळालाच नव्हता. सोमवारी सकाळी सातला फोन वाजे. वीणाताईंचं कमरेखालचं अंग गेलेलं, दिवसभर सांभाळणारी बाई सहाच्या ठोक्याला घरी जायची, म्हणून दिवाकरांना सिनेमा अर्धवट टाकून पळावं लागे. "काय झालं मंग पुढं?" ते विचारत, आणि ती शेवटची दहा मिनिटं सांगे. सांगता सांगता त्याची पंचवीस मिनिटं होत. पावणेसातला ती वेणी घालून बसे. फोनसाठी वेणी घालते म्हणून कोणी हसलं असतं, तर तिनं खुशाल हसू दिलं असतं. तिला तो फोन हवा होता आणि फोनवरचा माणूसही हवा होता. तो दुसऱ्या बाईचा होता आणि ती बाई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून हे हवंसं वाटणं तिनं सोमवारच्या पंचवीस मिनिटांबाहेर कधी येऊ दिलं नाही. तेही तिला "मंदाताई" म्हणत. ताई म्हणणारा माणूस भाऊ होतोच असं नाही, पण बोलायला सोयीचं पडतं.

घोळ पहिल्याच सोमवारी झाला होता. त्या रविवारी एक जुना कृष्णधवल सिनेमा दाखवला होता. आजारी बायको, तिची सेवा करणारा नवरा, नदीकाठचं घर. शेवटच्या दहा मिनिटांत ती बायको मरते. हे ज्याच्या घरी तसंच अंथरूण आहे त्याला कसं सांगायचं? मंदाकिनीनं क्षणभर थांबून सांगून टाकलं, की ती बरी होते आणि भिंतीला धरून अंगणापर्यंत चालत जाते. पुढच्या रविवारी दिवाकर म्हणाले, वीणाला फार आवडला शेवट. जेवण भरवताना ते तिला अख्खा सिनेमा सांगत.

मग काय, एकदा खोटं बोललं की ते निस्तरायला दुसरं बोलावं लागतं. रहस्यपटातला निसटलेला खुनी तिनं पकडून दिला. भुताच्या बंगल्यात कायमची अडकलेली मुलगी पहाटेच्या बसमध्ये बसवून दिली. एका परदेशी सिनेमात बाप आणि मुलगी शेवटपर्यंत भेटतच नाहीत, त्यांची तिनं रेल्वे स्टेशनवर गाठ घालून दिली. कोणत्या प्लॅटफॉर्मवर, असं दिवाकरांनी विचारलं, तेव्हा "दोन नंबरवर" असंही सांगून मोकळी झाली. मंडळाच्या ग्रुपवर शेवट फोडायचा नाही असा सक्त नियम होता, त्यामुळे चार वर्षं हे कुठं उघडं पडलं नाही.

या सोमवारी सात वाजले, साडेसात वाजले. फोन आला नाही. वेणी घातलेलीच होती.

मंगळवारी ग्रुपवर दिवाकरांचं मत आलं. "भुताचा सिनेमा पुन्हा पाहिला. तीनशे वर्षांचं भूत, पण नखं साफ. बस कुठं दिसली नाही." नरहरीपंतांनी खाली अंगठा दाखवला. स्नेहलनं विचारलं, कोणती बस? बुधवारी दुसरं मत आलं. "परदेशी सिनेमा. खालची अक्षरं वाचता वाचता चेहरे पाहायचे राहतात. छान आहे. त्यात स्टेशन नाही." यावर कोणी काहीच विचारलं नाही. मंदाकिनीनं ते इतक्यांदा वाचलं की त्यातला राग कुठल्या शब्दात आहे हे तिला कळेनासं झालं. माणूस महिनाभरात जाणार तो जाणारच, पण जाताना ही बाई आपल्याला चार वर्षं बनवत होती असं मनात घेऊन जाणार, हे तिला सोसवेना.

गुरुवारी दुपारी ती ई-रिक्षानं पुरानी बस्तीत गेली. दिवाकरांच्या घराचं दार उघडंच होतं. खोलीतला मोठा पलंग काढून टाकलेला होता आणि फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन उरले होते. दिवाकर टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. अंथरुणावर बाई, शेजारी नवरा. मंदाकिनीनं सिनेमा ओळखला. तोच, पहिल्या सोमवारचा.

"या, बसा," ते म्हणाले.

ती बसली नाही. बसलं तर बोलणं राहून जाईल असं तिला वाटलं.

"दिवाकरजी, ती बरी नाही होत. मरते ती. बसही नाही, स्टेशनही नाही. मी खोटं सांगत होती तुम्हाले."

"माहीत आहे मले," दिवाकर म्हणाले. "चार वर्षांपासून."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि मग सावकाश सांगितलं. हा सिनेमा वीणानं लग्नाआधी नागपुरात मॅटिनीला पाहिला होता, मैत्रिणींबरोबर, दोनदा. पहिल्याच सोमवारी फोन ठेवल्यावर ती हसली आणि म्हणाली, की तुमच्या ताई खोटं बोलून राहिल्या, त्यात बाई मरते. ते म्हणाले, मग पुढच्या वेळी विचारतो. ती म्हणाली, खबरदार. तेव्हापासून ती सोमवारची वाट पाहू लागली. उद्या मंदाताई कोणाला वाचवतात, याच्यावर दोघं रविवारी पैजा लावत. पैज हरलेल्यानं भजन म्हणायचं. दिवाकरांनी पुष्कळ भजनं म्हटली.

"पण फोन ठेवल्याबरोबर त्यांले कसं कळे, मी काय सांगितलं ते?"

दिवाकरांनी आपल्या डाव्या कानाला हात लावला. "गार्डाच्या डब्यात कान गेले माझे. फोन नेहमी स्पीकरवर असे. तिच्या उशीपाशी ठेवत होतो."

मंदाकिनी आता बसली. चार वर्षांतले सोमवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. सिनेमा सांगून झाल्यावर आपण काय काय बोललो होतो! तुम्ही जेवता की नाही वेळेवर. आवाज का बसलाय. एकदा तर ती म्हणून गेली होती की रविवारपेक्षा सोमवारच लवकर यावा असं वाटतं. ती पंचवीस मिनिटं आपल्या दोघांचीच आहेत असं धरून ती चालली होती आणि तिथं तिसरं माणूस उशीवर डोकं टेकून सगळं ऐकत होतं. तिच्या कानशिलांपर्यंत लाज चढली.

"त्या काही म्हणाल्या का कधी?" तिनं विचारलं. "माझ्याबद्दल."

दिवाकरांनी पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं.

"एकदाच. गेल्या दिवाळीच्या सुमारास. म्हणे, ही बाई साऱ्यांचं भलं करून राहिली सिनेमात. हिचं कोण करीन?"

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटी ती सुरू होऊन निघून गेली.

"चार दिवस झाले," दिवाकरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "बाकीचे शेवट पाहून राहिलो एकेक. याच्यात इथपर्यंत येतो अन् बंद करतो. दहा मिनिटं आहेत. मले पाहवत नाही. तुम्ही सांगा. आज खरं सांगा."

मंदाकिनीनं सांगितलं. घाई केली नाही, काही गाळलं नाही. ती बाई पाणी मागते. नवरा उठतो, माठातलं पाणी फुलपात्रात घेतो, सांडू नये म्हणून बेतानं चालत येतो. येतो तोवर ती गेलेली असते. तो हाक मारत नाही, रडत नाही. पात्र हातात धरून उभा राहतो, कारण पाणी आता कुठं ठेवायचं हे त्याला कळत नाही. मग पलंगाच्या कडेला बसून ते पाणी तोच पिऊन टाकतो.

दिवाकरांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला. घाटावर, तेराव्याला, मंडळाच्या शोकसभेत, कुठंच मंदाकिनीनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता ते रडत होते आणि ती शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. त्यांना हात लावावा असं तिला फार वाटलं. तिनं लावला नाही.

बऱ्याच वेळानं टॉवेलामागून त्यांचा आवाज आला.

"अन् तो? तो काय करते मंग?"

पुढचं तिला लख्ख आठवत होतं. दिवस-कार्य आटोपल्यावर तो घराला कुलूप लावतो, किल्ली शेजारणीच्या हातात देतो आणि मुलाबरोबर शहरात निघून जातो. शेजारीण किल्ली घेऊन वाटेत उभी राहते आणि पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. त्या रविवारी चहा पिताना याच शेजारणीबद्दल कोणीही चकार शब्द काढला नव्हता. तिनंही काढला नव्हता.

"तो राहते," मंदाकिनी म्हणाली. "तिथंच. त्याच घरात."

दिवाकरांनी टॉवेल खाली घेतला. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ते तिच्याकडे नीट पाहत होते.

"वीणा तर म्हणे, कुलूप लावून जाते तो. पोराकडं."

मंदाकिनीनं नजर खाली घेतली नाही.

"असन," ती म्हणाली. "त्यांनी पाह्यला तेव्हा जात असन."

दिवाकरांनी रिमोट उचलला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि शेवट न पाहताच टीव्ही बंद केला.