काटा शून्यावर होता

मित्रांनो, मी रोल घालून चालणारा जुना कॅमेरा आहे आणि आमच्या घराण्यात मी दुसरा. आमच्याकडे प्रत्येक भावाचा जन्म कुणाच्या तरी तक्रारीतून झाला. थोरल्याला दोन खिडक्या होत्या. एकीतून अंतर जुळवायचं आणि दुसरीतून चित्र बघायचं. डोळा या खिडकीतून त्या खिडकीत जाईपर्यंत समोरचं मूल पसार झालेलं असे. लोक कुरकुरले, म्हणून कारखान्याने दोन्ही खिडक्यांची एक केली आणि मी जन्मलो. मग माझ्या नावाने कुरकुर सुरू झाली. फिल्म पुढे सरकवायला माझी खुंटी बोटांनी फिरवत बसावी लागे. तिसऱ्याला त्या जागी अंगठ्याने ओढायची दांडी मिळाली. तरी माणसांचं समाधान होईल तर शपथ!

किती फोटो निघाले हे दाखवणारा, घड्याळासारखा गोल फिरणारा एक काटा आमच्या डोक्यावर असतो. आम्हा तिघांचा काटा नवा रोल घातल्यावर हाताने शून्यावर आणावा लागतो. चौथ्याचं मात्र झाकण उघडलं की तो आपसूक शून्यावर येतो. केवढीशी ती सोय, पण तिने मला आयुष्यातून उठवलं.

माझे मालक फोटोग्राफर होते. मला गळ्यात अडकवल्याशिवाय ते स्टुडिओच्या बाहेर पाऊल टाकत नसत. कुणी नव्या कॅमेऱ्याचं कौतुक केलं की म्हणत, "कितीही नवे येऊ देत, याला मी अंतर देणार नाही." मी ते खरं मानलं. पुढे चौथा घरात आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. त्याचंही मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. धाकट्यांना पुढे जाऊ द्यावंच लागतं.

एकदा चौथ्याचं बटण अडकलं आणि तो दुरुस्तीला गेला. नेमके त्याच दिवशी शेजारचे टेलरमामा मामींना घेऊन आले. मामांचा पुढचा दात पडलेला, त्यामुळे फोटो म्हटलं की ते ओठ शिवल्यासारखे बसत. मामींची एकच हौस होती, मामांचा एक हसरा फोटो. मालकांनी मला बाहेर काढून रोल घातला, पण काटा शून्यावर आणायचं विसरले. चौथ्याने लावलेली सवय, दुसरं काय! काटा जुन्याच आकड्यावर उभा राहिला.

पहिले फोटो घुम्या तोंडाचेच निघाले. तेव्हा मालकांची बायको पुढे झाली. "मामा, सगळ्या गल्लीची मापं घेतलीत, आज तुमचं माप आम्ही घेतो."

"घे बाई, पण जरा ढगळच घे. आत्ताच जेवून आलोय," मामा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. दाताची खिडकी सताड उघडी! ते हसू मी अलगद टिपलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. त्या फोटोबरोबर माझा काटा एक फेरी पुरी करून शून्यावर येऊन थांबला.

रोल अजून बराच उरला होता, म्हणून तो माझ्या पोटातच राहिला. चौथा बरा होऊन परतल्यावर मला कपाटात ठेवण्याआधी पुसावं, असं मालकांच्या मनात आलं. आत रोल आहे का, हे बघायला त्यांनी काट्याकडे पाहिलं. शून्य. चौथ्याच्या हिशेबाने शून्य म्हणजे पोट रिकामं. त्यांनी भर उन्हात खिडकीपाशी माझं झाकण उघडलं.

झाकण लगेच मिटलं, पण प्रकाशाला क्षणही पुरतो. धुतल्यावर फिल्म काळी ठिक्कर निघाली. मालकांनी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. मामांना पुन्हा बोलावू, आज नको उद्या, असं ते मनाशी म्हणत राहिले. तेवढ्यात मामाच गेले.

काही दिवसांनी मामी स्टुडिओत आल्या. "एकच द्या," त्या म्हणाल्या. "हसले होते ना, तेवढा."

मालक माझ्याकडे पाहत म्हणाले, "मामी, कसं सांगू? हा कॅमेरा जुना झालाय. झाकणातून उजेड शिरला आणि सगळा रोल गेला."

माझं झाकण आजही घट्ट बसतं, सुईच्या टोकाएवढाही उजेड आत येत नाही. पण मला तोंड कुठे आहे? मालकांच्या बायकोलाही ते खरं वाटलं. ज्यांनी मला उराशी बाळगलं, त्यांनीच मला चारचौघांत खोटा पाडला. एवढा राग मला कपाटातल्या अंधाराचाही कधी आला नव्हता.

मग मामींनी मलाच मागून घेतलं. म्हणाल्या, "त्यांना शेवटचं असं हसताना यानेच पाहिलंय." मालकांनी लगेच देऊन टाकलं. मी नजरेआड होतोय याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

मित्रांनो, वस्तू वापरा, झिजवा, नवी आणली तर जुनी खुशाल बाजूला ठेवा. पण आपली चूक तिच्या माथी मारू नका. ती बिघडली असं म्हणण्याआधी एकदा तरी नीट तपासून पाहा. मला कुणी तपासलं नाही.

आता मी मामींच्या घरी शिवणयंत्राशेजारी असतो. सकाळी त्या मला मऊ कापडाने पुसतात आणि म्हणतात, "जाऊ दे रे. वय झालं की होतं असं. मी नाही हो राग धरला तुझ्यावर." रोज त्या मला माफ करतात आणि रोज मला ते ऐकून घ्यावं लागतं.