नसलेला एक मिलीमीटर

मित्रांनो, तुमच्या दप्तरात असते तशीच मी एक प्लॅस्टिकची मोजपट्टी आहे. वयाने मात्र तुमच्या आईबाबांच्या बरोबरीची असेन. ताहेरा मॅडमनी मला क्रांती चौकातल्या दुकानातून आणले तेव्हा मला वाटले, चला, आता वहीत समास आखायचे. पण माझ्या नशिबी रिकाम्या जागा मोजणे आले.

मॅडम एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतूंवर संशोधन करत. दवाखान्यांतून रोग्यांच्या जखमांचा पू यायचा. त्यातला जंतू कोणता हे त्या आधी ओळखत, मग त्याला काचेच्या बशीत पसरून वर औषधांच्या इवल्या टिकल्या ठेवत. ती बशी एका उबदार पेटीत जाई. ऊब किती, तर माणसाच्या अंगात असते तेवढीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीवर दुधावरच्या सायीसारखा जंतूंचा थर आलेला असे. ज्या टिकलीचे औषध लागू पडे, तिच्याभोवती गोल मोकळी जागा राही. तिथे जंतूंना वाढता आलेले नसे. त्या वर्तुळावर मला आडवे धरायचे आणि मिलीमीटर वाचायचे. वर्तुळ जितके मोठे, तितकी रोगी वाचायची आशा मोठी.

पहिल्या काही वर्षांत काय तोरा होता माझा! बावीस, चोवीस, सव्वीस. मग काहीतरी बिनसले. औषधे तीच, पेटी तीच, पण वर्तुळे आवळू लागली. रोगी पिशोरसारख्या गावचा असो की शहरातला, साय दर वर्षी टिकलीच्या थोडी जवळ सरकलेली दिसे. "लोक दोन दिवस गोळ्या घेतात, ताप उतरला की बंद. जे जंतू उरतात ते शहाणे होतात," मॅडम म्हणायच्या. एका सकाळी तर साय थेट टिकलीला येऊन भिडली होती. मोजायला जागाच नव्हती. मॅडमनी मला बाजूला ठेवून वहीत शून्य लिहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

प्रयोगशाळेत बशा धुवायला कडूबा होते, मॅडम त्यांना मामू म्हणत. एकदा माझे टोक बर्नरच्या ज्योतीला लागून वितळले. मॅडम म्हणाल्या, नवी आणू.

"फेकता कशाला, मॅडम? लई वर्षांची हाय. मी करतो नीट," कडूबा म्हणाले.

त्यांनी पॉलिश पेपरने घासून माझे टोक इतके सफाईने सरळ केले की कुणाला शंकाही येऊ नये. माझी शून्याची रेघ अगदी कडेलाच होती. त्या घासण्यात ती गेली आणि तिच्या पुढचा एक मिलीमीटरही गेला. मॅडम सवयीप्रमाणे कडेपासूनच मोजत राहिल्या. एवढी माया माझ्यावर कुणी केली नव्हती, म्हणून मला भरून आले. पण त्या दिवसापासून मी खोटे बोलत होते, आणि ते मला एकटीलाच ठाऊक होते.

आठ महिन्यांनी फुलंब्रीच्या सरूबाईंच्या पायाचा पू आला. जखम पोटरीपर्यंत चढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रामकिसन सकाळपासून प्रयोगशाळेच्या दारात बसून होता. बशीतल्या एकाच टिकलीभोवती वर्तुळ उरले होते. त्या औषधाची हद्द पंधराची. पंधरा भरले तर बिनधास्त द्यायचे, कमी भरले तर भरवसा नाही, दुसरे जहाल औषध बाहेरून मागवायचे.

वर्तुळ चौदाचे होते. माझी पंधराची रेघ बरोबर त्याच्या काठावर टेकली. मी जीव तोडून आकसायला पाहिले, पण प्लॅस्टिक कुठे आकसते?

"लागंल ना औषध, मॅडम?" रामकिसनने विचारले.

"लागेल," मॅडम हसून म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सरूबाई गेल्या.

मॅडमना चैन पडेना. सरूबाईंचा जंतू त्यांनी फ्रीजमध्ये एका नळीत जपून ठेवला होता. तो काढून पुन्हा बशीत पसरला आणि नव्या, धातूच्या पट्टीने मोजला. चौदा. मग त्यांनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवले. कडूबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी घासलं होतं, मॅडम."

"वाचलं तर मी होतं ना, मामू," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांनी रामकिसनला बोलावून घेतले आणि काही न लपवता सगळे सांगितले. तो ओरडला नाही. त्याने मला उचलले आणि माझ्या टोकावरून अंगठा फिरवला.

"एवढुसं?" तो म्हणाला.

मग त्याने मला परत टेबलावर ठेवले. जाता जाता दारात थबकून त्याने विचारले, "मायचं काही ऱ्हायलंय का हितं?"

मॅडमनी मान हलवली. नाही म्हणून. फ्रीज मात्र घुं घुं करत होता.

मित्रांनो, ती नळी अजून आहे. तिच्यावर सरूबाईंचे नाव आहे. मॅडम दर वर्षी तिच्यातला जंतूंचा कण काढून उबेत ठेवतात, आणि दर वर्षी तो नव्या जोमाने उगवतो. मी त्याच फ्रीजवर पडून असते. कडूबा अजूनही माझी धूळ पुसतात. मला ते नकोसे वाटते. तुम्ही झिजलेल्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिच्याकडून कुणाचा जीव मोजून घेऊ नका.