हरलेल्या दिवशीचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. मला वीज लागत नाही, बटण नाही. अरुंद टोकाला तोंड लावून बोलायचे, की रुंद टोकातून तोच आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. आयुष्यभर दुसऱ्यांचेच बोलणे पोचवत आलो. आज पहिल्यांदाच स्वतःचे काही सांगतो आहे, तेव्हा जरा लांबले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याची कामे करणारे एक आजोबा बसत. त्यांनी डबा कापला, ठोकून गोल केला आणि सांधा पक्का केला. डब्यावरचे छापील सूर्यफूल माझ्या पोटात गेले. त्याच्या चार पाकळ्या अजून शाबूत आहेत. "कडा दुमडल्यात, ओठ कापणार नाही," असे सांगून आजोबांनी मला एका माणसाच्या हातात दिले. त्या हाताला खळीचा वास येत होता.

हे अण्णा. त्यांचा धंदा पुस्तकबांधणीचा. नुकतेच ते आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाले होते. क्लब म्हणजे काय, तर एक मैदान, लाकडी बाकांच्या सहा रांगा, एक ऑफिसची खोली आणि त्या खोलीत एक कपाट. त्याच कपाटात माझी जागा ठरली.

सामन्याआधी अण्णा माझ्यातून खेळाडूंची नावे पुकारत. कुणाची चप्पल सापडली, कुणाचे पोर हरवले, तेही मीच सांगे. पण माझे खरे काम ठरले ते चार शून्यने हरलो त्या दिवशी. माणसे ऑफिसबाहेर जमली आणि सगळी एकाच वेळी ओरडू लागली. अण्णा बाहेर आले, बाकावर चढले आणि माझ्यातून म्हणाले, "सगळे एकदम बोललात तर मला एकही शिवी नीट ऐकू यायची नाही. रांग लावा!"

माणसे हसली आणि त्यांनी खरोखर रांग लावली. अण्णांनी मला पहिल्या माणसाच्या हातात दिले आणि स्वतः खाली उतरून, हात मागे बांधून उभे राहिले. त्या दिवसापासून पायंडाच पडला. हरलेल्या दिवशी कर्णा लोकांचा. रांग संपेपर्यंत अण्णांनी चकार शब्द काढायचा नाही. बेकरीवाल्यांनी गोलकीपरचा उद्धार केला, दूधवाल्या काकूंनी नळाला पाणी नसल्याबद्दल फैलावर घेतले. एका गृहस्थांनी तर सामन्याचे सोडून आपल्या सासूचेच गाऱ्हाणे सांगितले. अण्णांनी तेही शेवटपर्यंत ऐकले. मित्रांनो, तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

आमच्याकडे तीन वर्षे बायकांचाही संघ होता. त्यांची गोलकीपर बसची कंडक्टर होती. सगळे तिला कंडक्टरताई म्हणत. मैदान एकच आणि सराव दोन संघांचा. गवत टिकेना, जागोजागी टक्कल पडले. एक संघ ठेवायचा असे कमिटीत ठरले, आणि बायकांचा संघ बंद झाल्याचा कागद फाटकावर चिकटवला गेला.

त्या दुपारी ऑफिसबाहेर रांग लागली. अण्णांनी मला कपाटातून काढले, दारापर्यंत नेले आणि ते खिडकीपाशी थबकले. रांगेत सर्वांत पुढे कंडक्टरताई होती. ड्युटीवरून तशीच आलेली, अंगावर गणवेश. अण्णांचा हात घामेजलेला मला कळत होता. त्यांनी मला परत कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि ते मागच्या दाराने निघून गेले.

बाहेर ताई कुणाला तरी सांगत होती, "थांबा हो. येतील. अण्णा येतात नेहमी."

हे वाक्य मी कपाटात बसून ऐकले. मला हात असते तर मी आतून दार ठोठावले असते.

पुढच्या पराभवानंतर मी पुन्हा बाहेर आलो, पण ताईने परत कधी रांगेत पाय ठेवला नाही. मग काही वर्षांनी विजेचे लाउडस्पीकर आले. ते हातात धरता येत नाहीत, त्यामुळे रांगेचीही सवय मोडली. माझ्या सोबतीला फाटकी जाळी आणि हवा गेलेले दोन चेंडू उरले. एका कोळ्याने माझ्या तोंडात संसार थाटला. मी काही बोललो नाही, कारण बोलायला मला माणूस लागतो.

अशी अण्णांच्या अध्यक्षपदाला अठ्ठावीस वर्षे झाली. आता ते पद सोडणार होते. मैदानात छपराचा नवा स्टँड उभा राहिला होता. त्याला अण्णांचे नाव द्यावे, असा ठराव ताईच्याच धाकट्या भावाने लिहून आणला. त्याचे कोपऱ्यावर सलून आहे. ऑफिसात त्या दोघांची जुंपली ती मी कपाटाच्या फटीतून ऐकली.

"ताई, हे मैदान नगरपालिका बाजारासाठी घ्यायला निघाली होती. अण्णा रोज जाऊन त्या कचेरीच्या पायरीवर बसले, म्हणून आज इथे गवत आहे."

"बसण्यात हुशारच आहेत ते. खुर्चीवर अठ्ठावीस वर्षं बसले! उगाच नाही लोक चिकटराव म्हणत."

"दोनदा फायनलला नेलं त्यांनी."

"आणि दोनदा हरून आणलं. अरे, हरण्याचं मला काही नाही. मैदान वाचवलं तेही खरं. पण कुणासाठी वाचवलं? माझ्या संघाला तर त्यांनी कागद चिकटवून घरी पाठवलं."

"सोळा वर्षं झाली त्याला!"

"मग? मी काय विसरायचं औषध घेऊ?"

भावाने ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. त्या दिवसापासून ताई केस कापायला दुसऱ्या सलूनमध्ये जाऊ लागली. हे भावाच्या फार जिव्हारी लागले.

ठरावाच्या सभेला नवा स्टँड गच्च भरला होता. सभेआधी अण्णा ऑफिसात आले. किल्ली दोनदा चुकली. त्यांनी मला काढले, कोळ्याला हलकेच खिडकीबाहेर सोडले आणि रुमालाने माझे तोंड पुसले. खळीचा तो वास आला आणि माझा पत्रा भरून आला, मित्रांनो. खोटे कशाला सांगू?

विजेचा माइक तयार होता. अण्णा त्याच्यावरून पुढे गेले आणि ताईच्या बाकापाशी थांबले.

"त्या दिवशी तुमचा पहिला नंबर होता," ते म्हणाले. "तो राहिलाय."

ताईने हात पुढे केला नाही. भाऊ आपल्या बुटांकडे बघत होता. शेवटी ताईने मला घेतले आणि ती बाकावर चढली. अण्णांनी हात मागे बांधले. आता चांगली खरडपट्टी निघणार, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

पण ताईने सामन्याआधी पुकारतात तसे पुकारायला सुरुवात केली. "एक नंबर, गोलकीपर, मी. दोन नंबर, दवाखान्यातली नर्स. तीन नंबर, शिंपीकाकांची सून. चार नंबर, पोस्टातल्या बाई. पाच नंबर..."

ती अडखळली. पुन्हा म्हणाली, "पाच नंबर..." ज्या मुलींसाठी सोळा वर्षे राग जपला, त्यांतलीच एक तिला आठवेना. मी तिच्या हातात खाली झुकलो. तिचा चेहरा पडला.

खालून अण्णांचा आवाज आला, कर्ण्याशिवाय. "लेफ्ट बॅक. सुतारांची धाकटी. डाव्या पायानेच मारायची, उजवा नुसता सोबतीला."

स्टँडमध्ये हशा पिकला. ताईही हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरले. तिने मला पुन्हा तोंडाशी धरले. "पाच नंबर, सुतारांची धाकटी." मग सहा, सात, थेट अकरापर्यंत. शेवटी ती एवढेच म्हणाली, "अण्णा, आम्ही वाट बघितली हो."

रांग संपली होती. आता अण्णांनी बोलायचे होते.

"मी खिडकीतून तुम्हाला बघितलं," ते म्हणाले. "मला भीती वाटली, म्हणून मागच्या दाराने गेलो. संघ बंद करणं बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवा. पण पळालो ते चूकच."

मग मतदान झाले. ताईचा हात विरोधात वर गेला, अगदी ताठ. भावाचा हात बाजूने गेला, पण जरा उशिरा. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. बाहेर पडताना भाऊ म्हणाला, "ताई, केस वाढलेत गं तुझे." ती म्हणाली, "येते रविवारी. आणि पोरींच्या संघाचा ठराव लिहून ठेव." त्यावर अजून वाद चालू आहेत.

नव्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांचा पहिलाच सामना आम्ही दोन शून्यने हरलो. त्यांनी स्वतः कपाट उघडून मला आणले आणि त्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. रांगेत पहिली ताई होती. तिच्यामागे, स्वतःच्याच नावाच्या पाटीखाली, छातीशी पिशवी धरून अण्णा उभे होते. ताईने आपले बोलून झाल्यावर मला त्यांच्या हातात दिले. इतक्या वर्षांत अण्णा पहिल्यांदाच रांगेतून बोलणार होते. त्यांनी घसा साफ केला आणि बोट उगारून ओरडले, "डावी बाजू मोकळी सोडता? लाज वाटते का!"

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. मला कोरड्या फडक्याने पुसा, ओलीत ठेवू नका, मुलांनी माझ्यात खडे टाकले तर काढा. एवढे केलेत तरी मी पुष्कळ टिकेन. फक्त मला कुलपात ठेवू नका. ज्या दिवशी मला बाहेर काढायची तुम्हाला भीती वाटेल, त्या दिवशी तर अजिबात नाही. त्याच दिवशी बाहेर कुणीतरी सांगत असते, "थांबा हो, येतील."